हेडमास्तरांची चिठ्ठी

त्यांना सगळे हेडमास्तर म्हणत, पण शाळेशी त्यांचा संबंध सातवीतच संपला होता. व्हिडिओ कॅमेऱ्यात टेपवर चित्र लिहिणारा एक चकचकीत, बाटलीच्या झाकणाएवढा भाग असतो. त्याला हेड म्हणतात. तेव्हा कॅमेरे टेपचेच होते आणि हेड न बिघडवता साफ करणारा माणूस त्या सगळ्या वस्तीत हा एकच होता. म्हणून हेडमास्तर. नाव कोणी ठेवलं ते कोणाला आठवत नाही. त्यांनी स्वतः त्यावर कधी हसून दाखवलं नाही आणि रागावूनही दाखवलं नाही.

दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. एका बाजूला कपडे धुऊन इस्त्री करून देणारा, दुसऱ्या बाजूला किल्ल्या बनवणारा. आत एक टेबल, एक वाकणारा दिवा, एक भिंग, स्पिरिटची बाटली आणि मऊ कातड्याचे बोटभर तुकडे. कापूस म्हणाल तर दुकानात औषधालाही सापडायचा नाही. "कापसाचा एक धागा हेडमध्ये गेला की संपलं," असं ते सांगत, आणि ज्याने घरी कापसाने हेड पुसलंय त्याच्याकडे ते असं बघत की त्या बिचाऱ्याला आपण माणूस मारून आलोय असं वाटे. रेडिओला बंदी होती, कारण हेडमास्तर कानाने काम करत. कॅमेरा कानाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि मोटर काय म्हणते ते ऐकायचे. बाहेर किल्लीवाल्याची कानस सुरू झाली की ते डोळे न उघडता म्हणत, "जरा थांब रे बाबा." आणि तो थांबायचा. तीस वर्षांत त्याला त्याची सवय झाली होती.

त्यांच्या दोन-तीन खोडी होत्या. पहिली म्हणजे चिठ्ठी. दुरुस्त झालेल्या प्रत्येक यंत्राबरोबर ते हाताने लिहिलेली चिठ्ठी देत. तीन ओळी. दोष, कारण, उपाय. दोष आणि उपाय ठीक होते, गडबड व्हायची ती मधल्या ओळीत. "कारण: समुद्रावर नेला. वाळू खाल्ली." "कारण: मेव्हण्याने उघडून बघितला." "कारण: एकच टेप चाळीस वेळा वापरली. चिकटपणा." हा शेवटचा शब्द टेपबद्दल होता की गिऱ्हाइकाबद्दल, ते त्यांनी कधी खुलासा करून सांगितलं नाही. लोक चिठ्ठी वाचून लालबुंद होत, पुन्हा म्हणून पाऊल ठेवणार नाही असं म्हणत, आणि सहा महिन्यांनी कॅमेरा घेऊन मुकाट्याने पुन्हा उभे राहत.

"निम्मी गिऱ्हाइकं चिठ्ठीने पळाली तुमच्या," त्यांची बायको म्हणायची. ती दुपारचा डबा घेऊन यायची आणि डबा रिकामा होईपर्यंत स्टुलावर बसायची. नंतरही बसायची.

"निम्मी राहिली ना? तीच खरी."

"अहो, पण कधीतरी थोडं गोड लिहायला काय होतं?"

"चिठ्ठीवर खोटं लिहायचं नाही," हेडमास्तर म्हणत. "तोंडाने काय, माणूस काहीही बोलतो."

दुसरी खोड म्हणजे घड्याळ. कॅमेरा दुरुस्त झाला की ते तो टेबलावर ठेवत, समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून, आणि पूर्ण तास चित्रण करत. मग तो अख्खा तास बसून बघत. सेकंदकाटा कुठे अडखळला, उडाला, गायब झाला की लगेच कळतं. अशा पन्नाससाठ टेपा फळीवर होत्या. कित्येक तास नुसतं घड्याळ. बायको म्हणायची, "आपण गेल्यावर लोक म्हणतील, या माणसाला जन्मात दुसरं काही बघायला मिळालं नाही."

तिसरी म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी जायचं नाही. दुखणं घेऊन यंत्राने यायचं, आपण जायचं नाही. या नियमाला तीस वर्षांत अपवाद नव्हता. तो एकदाच झाला, आणि ही गोष्ट त्याचीच आहे.

एका सकाळी एक बाई आणि एक गृहस्थ दुकानात आले. दोघंही साठीच्या पुढचे. बाईंच्या हातावर लोकरीचे अर्धे मोजे, बोटं बाहेर. सांधे सुजलेले दिसत होते. गृहस्थांनी कॅमेरा पिशवीतून काढून टेबलावर ठेवला.

"काय झालंय याला?" हेडमास्तरांनी विचारलं.

दोघं नुसते बघत राहिले. हेडमास्तरांनी तेच जरा मोठ्याने विचारलं. मग आणखी मोठ्याने. शेजारचा किल्लीवाला डोकावून गेला. तेव्हा बाईंनी कानाला बोट लावून हात हलवला, टेबलावरचं चिठ्ठीबुक पुढे ओढलं आणि पेन्सिलीने सावकाश लिहिलं, "आम्हा दोघांना ऐकू येत नाही. ओरडू नका, घसा दुखेल."

हेडमास्तर वरमले. त्यांनी खाली लिहिलं, "दोष काय?"

"चित्राचे मधेच चौकोन होतात. हात दिसत नाहीत. आवाज गेला तरी चालेल."

मग पुढचं सगळं कागदावर झालं. बाई ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायच्या. शिकवायच्या म्हणजे मुख्यतः हातांनी गोष्टी सांगायच्या. गृहस्थ छापखान्यात मशीनवर होते, आता निवृत्त. मुलगी दुसऱ्या देशात. तिला ऐकू येतं, पण तिच्या पाच वर्षांच्या लेकीला येत नाही, आणि तिथे घरात तिच्याशी हातांनी बोलणारं आईखेरीज कोणी नाही. मुलीने कॅमेरा पाठवला होता. आजीने गोष्टी सांगायच्या, टेप पाठवायची. सरळ काम.

आणि मग बाईंनी शेवटची ओळ लिहिली. "एकोणीस तारखेला उजव्या हाताची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, दुखणं जाईल. बोटं पूर्वीसारखी वळतील असं म्हणत नाहीत."

हेडमास्तरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. तीन आठवडे होते. त्यांनी लिहिलं, "परवा या."

त्यांची पद्धत अशी. आधी बघायचं की रोग लिहिण्यात आहे की वाचण्यात. बाईंची टेप त्यांनी आपल्या यंत्रात घातली. चौकोन आले. गुंडाळून पुन्हा लावली. बरोबर त्याच जागी पुन्हा आले. म्हणजे चौकोन टेपवरच लिहिले गेलेत, कॅमेऱ्याने चित्रण करताना घाण केलीय. त्यांनी हेड उघडलं, भिंगाखाली बघितलं. मळ होता, नाही असं नाही. मुलीने दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या टेपा पाठवल्या होत्या आणि दोन कंपन्यांचा चिकट थर एकमेकांशी पटवून घेत नाही. स्पिरिट, कातडं, हलका हात. मग घड्याळाचा तास. सेकंदकाटा साठ मिनिटं इमानेइतबारे फिरला. चिठ्ठी लिहिली. "दोष: चौकोन. कारण: दोन जातीच्या टेपा. उपाय: एकाच जातीच्या वापराव्यात." आणि फळीवरच्या नव्याकोऱ्या तीन टेपा बरोबर दिल्या. झालं!

कसलं झालं. पाचव्या दिवशी दोघं परत. बाईंचे हात या वेळी कापडात गुंडाळलेले होते. अर्धा तास गोष्टी सांगितल्या की पुढचे दोन दिवस त्यांना कोमट पाण्यात हात घालून बसावं लागे, चमचासुद्धा धरता येत नसे. हे त्यांनी लिहिलं नाही, त्यांच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी लिहिलं. चिठ्ठीबुकावर पेन्सिल इतकी जोरात दाबून लिहिलं की पुढच्या तीन पानांवर अक्षरं उमटली.

टेप लावली. आजी दिसली. गोष्ट सुरू झाली. सहाव्या मिनिटाला चौकोन.

हेडमास्तरांनी यंत्राचं पोट उघडलं. टेप ओढणारं रबरी चाक बदललं. टेप ज्या खांबांमधून वळत जाते ते सगळे पुसले, त्यांचा ताण मोजला. कॅमेरा कुठे ठेवता, ओल आहे का, विचारलं. कपाटात, कोरडं, असं उत्तर आलं. पुन्हा घड्याळाचा तास. सेकंदकाटा पुन्हा आपला सज्जन. चिठ्ठी. "कारण: रबरी चाक झिजलेलं." खरं होतं ते. थोडं झिजलंच होतं.

सोमवारी सोळा तारखेला ते तिसऱ्यांदा आले. या वेळी बाईंनी काही लिहिलं नाही. टेप टेबलावर ठेवली आणि स्टुलावर बसल्या. काकांनी हेडमास्तरांकडे असं बघितलं की त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

ते गेल्यावर हेडमास्तर म्हणाले, "हेडच बदलायला हवं. पण मागवलं तरी यायला दहा दिवस." मग टेबलावर हात आपटला. "माझ्यासमोर चांगला चालतो आणि त्यांच्या घरी जाऊन नाटकं करतो! हा कॅमेरा आहे की सासरी निघालेली पोरगी?"

"कॅमेऱ्यावर काय डाफरताय," बायको म्हणाली. ती डबा घेऊन आली होती आणि तिन्ही टेपा तिने त्यांच्या बरोबरीने बघितल्या होत्या, एकेक दोनदा. तिला ती हातांची भाषा येत नव्हती, पण बाई गोष्ट सांगायच्या अशा की येण्याची गरजच नव्हती. तीन गोष्टी होत्या. एक बकरी शाळेचं हजेरीपुस्तक खाते ती. एक नावाडी धुक्यात नाव घेऊन जातो ती. आणि तिसरी, एक मुलगी छापखान्यात पत्रिका छापायला जाते आणि तिथला मशीनवरचा मुलगा तिला उलटं छापून देतो ती. तिसऱ्या गोष्टीत बाई मधूनमधून कॅमेऱ्याच्या मागे बोट दाखवायच्या.

"एक सांगू का?" बायको म्हणाली.

"सांग."

"चौकोन कुठेही येत नाहीत. गोष्ट रंगात आली की येतात. बकरी मास्तरांच्या डोळ्याला डोळा भिडवते ना, तिथे. नाव धुक्यात दिसेनाशी होते, तिथे. आणि छापखान्याच्या गोष्टीत तर अख्खं मिनिट. तिन्ही टेपांत त्याच जागा."

"हेडला गोष्ट कळत नाही."

"नसेल कळत. मी आपलं दिसलं ते सांगितलं."

"अगं, लोखंड आहे ते! त्याला बकरी कळते का?"

बायकोने डबा उचलला आणि घरी गेली. हेडमास्तरांनी कागद घेतला, तिन्ही टेपा लावल्या, आणि यंत्राच्या काउंटरवरचे आकडे बघून चौकोनाची प्रत्येक जागा मिनिट-सेकंदासकट लिहून काढली. शेजारी लिहिलं, तेव्हा बाई काय सांगत होत्या. यादी पूर्ण झाली तेव्हा त्यांनी ती वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचली. बायको बरोबर होती. ही गोष्ट त्यांच्या संसारात नवीन नव्हती, पण लेखी स्वरूपात समोर पहिल्यांदाच आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुकानाला कुलूप लावलं. किल्लीवाला बाहेर आला. "काय हो, बरं नाही का?"

"गिऱ्हाइकाकडे चाललोय."

किल्लीवाला इस्त्रीवाल्याला सांगायला गेला.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दाराला घंटी नव्हती. एक दोरी होती, ती ओढली की आतला दिवा उघडझाप करे. हेडमास्तरांनी दोनदा ओढली. आतली खोली लहान, स्वच्छ. खिडकीसमोर एक खुर्ची, तिच्यासमोर स्टँडवर कॅमेरा, आणि त्याच्या मागे एक उंच स्टूल. भिंतीवर छापखान्यातले जुने चाचणीचे कागद चौकटीत लावलेले. त्यात एक पत्रिका होती, अक्षरं उलटी.

हेडमास्तरांनी लिहिलं, "एक गोष्ट सांगा. छोटी. हात दुखेल, माफ करा. मला बघायचंय."

बाईंनी मोजे काढले. खुर्चीत बसल्या. काका स्टुलावर बसले, बटण दाबलं, लाल दिवा लागला. आणि मग त्यांनी उजवा पंजा कॅमेऱ्यावर ठेवला. अगदी सहज. घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा. बोटं वर, अंगठा बाजूला, बरोबर कॅसेटच्या दारावर.

बकरी आली. तिने शाळेत प्रवेश केला, इकडेतिकडे बघितलं, टेबलावर उडी मारली. हेडमास्तर बाईंकडे बघतच नव्हते. ते त्या अंगठ्याकडे बघत होते. बकरीने पहिलं पान खाल्लं. अंगठा जागचा हलला नाही. दुसरं पान. गोष्टीतले मास्तर आत आले. बकरीने मान वर केली, डोळ्याला डोळा भिडवला, आणि चघळणं न थांबवता तिसरं पान फाडलं. अंगठ्याचं नख पांढरं झालं. पाच-सहा सेकंद तसंच पांढरं राहिलं. चेहऱ्यावर म्हणाल तर काही नाही. काका आपले डोंगरासारखे बसलेले.

टेप मागे नेऊन बघितली. बरोबर तिथे चौकोन. सहा सेकंद.

दाराच्या आत कॅसेटची पाळण्यासारखी चौकट असते. दार दाबलं की ती केसभर सरकते, टेपचा ताण बदलतो, हेडला टेप नीट लागत नाही. दुकानात टेबलावर कॅमेरा एकटा असे. त्याच्यावर कोण हात ठेवणार?

त्यांनी चिठ्ठीबुक काढलं आणि काकांना लिहिलं, "कॅमेऱ्यावर हात कशाला ठेवता?"

काकांनी लिहिलं, "चालू आहे का कळायला."

"लाल दिवा असतो की."

काकांनी त्या वाक्याकडे जरा कीव केल्यासारखं बघितलं. "दिवा नुसताही लागतो. मशीन चालतंय हे हाताला कळतं. एक्केचाळीस वर्षं असंच काम केलं. कागद अडकला तर ऐकू येणाऱ्यांच्या आधी मला कळायचं."

हेडमास्तरांनी बटण दाबलं, आपला पंजा कॅमेऱ्यावर ठेवला आणि डोळे मिटले. आधी काही नाही. मग तळहाताखाली एक बारीक, एकसारखी थरथर आली. तीस वर्षं त्यांनी हीच मोटर कानाने ऐकली होती. हाताने ती इतकी स्पष्ट कळत असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांना स्वतःची थोडी लाज वाटली.

आता चिठ्ठी. त्यांनी पहिली ओळ लिहिली, "दोष: चौकोन." दुसऱ्या ओळीवर पेन्सिल थांबली. समोर काका उभे होते, पंजे मागे बांधून. तीन टेपा. तीन वेळा त्या बाईंनी बोटं कळवळेपर्यंत सांगितलं होतं, तीन वेळा पाण्यात हात घालून बसल्या होत्या, आणि ते सगळं वाया घालवलं होतं कोणी, तर यांनीच. हेडमास्तरांनी लिहायला घेतलं, "कारण: दाराची स्प्रिं". एवढ्यावर हात अडला. स्प्रिंग ठणठणीत होती. त्यांनी ते खोडलं. एवढी वर्षं लोकांच्या मेव्हण्यांना सोडलं नाही, आता इथे कसं सोडणार? आणि मन म्हणत होतं, सोड रे, सोड. अखेर त्यांनी लिहिलं, "कारण: गोष्ट रंगली की काकांचा अंगठा दारावर दाबतो." आणि कागद फाडून हातात दिला.

काकांनी वाचलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. चेहरा उतरला म्हणजे इतका उतरला की हेडमास्तरांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. काकांनी चिठ्ठी बाईंच्या मांडीवर ठेवली आणि हातांनी दोन-तीन छोट्या खुणा केल्या. त्या कळायला भाषा यावी लागत नव्हती. मग ते स्वयंपाकघरात निघून गेले.

बाईंनी चिठ्ठी वाचली. त्या उठल्या नाहीत, त्यांच्यामागे गेल्या नाहीत. त्यांनी हेडमास्तरांकडून पेन्सिल मागितली.

"प्रत्येक चौकोन म्हणजे यांनी दाबलं?"

हेडमास्तरांनी खिशातून ती यादी काढली, मिनिट-सेकंदासकट, आणि खाली लिहिलं, "प्रत्येक."

बाईंनी यादी वाचायला घेतली. बकरी डोळा भिडवते, सहा सेकंद. नाव दिसेनाशी होते, अकरा सेकंद. मुलगी उलटी पत्रिका वाचते आणि हसते, एक मिनिट चार सेकंद. त्या शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी लिहिलं. सुजलेल्या बोटांनी अक्षर वेडंवाकडं येत होतं, पण त्या लिहीत राहिल्या.

"सेहेचाळीस वर्षं गोष्ट सांगून झाली की यांना विचारते, कशी झाली. हे दरवेळी असं करतात." कागदावरून हात उचलून त्यांनी पंजा आडवा धरला आणि किंचित हलवला. ठीक. मग पुढे लिहिलं, "मला वाटायचं, यांना आवडत नाही. आपलं माझ्यासाठी बसतात."

हेडमास्तरांनी तिसरी ओळ राहिलीय असं दाखवण्यासाठी चिठ्ठीकडे बोट केलं. बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि त्या हसतही होत्या. त्यांनी लिहिलं, "खराब टेपा पुसू नका. तिन्ही मला हव्यात."

उपाय मात्र करायलाच हवा होता. उद्या बुधवार, परवा शस्त्रक्रिया. काकांना "हात ठेवू नका" म्हणून चाललं नसतं. हात काढला तर ते मिनिटामिनिटाला उठून बघतील, चालतंय का. हेडमास्तर दुकानात परतले, बिस्किटांच्या जुन्या डब्याचं जाड झाकण कापलं, कडा घासल्या, एका टोकाला भोक पाडलं. बुधवारी सकाळी ती पट्टी कॅमेरा आणि स्टँडच्या मधे अशी कसली की वीतभर बाहेर यावी. काकांनी तिच्यावर पंजा ठेवला, डोळे मिटले, आणि मान डोलावली. थरथर येत होती. कॅसेटचं दार आता अंगठ्यापासून वीतभर दूर होतं.

बाई खुर्चीत बसल्या. त्यांनी तिन्ही गोष्टी सांगितल्या, सलग बत्तीस मिनिटं. हेडमास्तरांनी काउंटर बघायचं ठरवलं होतं, पण छापखान्याच्या गोष्टीत ते विसरले. मुलगी पत्रिका उलटी धरून वाचते, आणि मशीनच्या मागचा तो मुलगा तिच्याकडे बघतच नाही, मशीनवर हात ठेवून नुसता उभा राहतो, इतका वेळ की पुढचे शंभर कागद उलटे निघतात. त्या वेळी काकांनी पट्टी अशी दाबली की ती वाकली.

संध्याकाळी दुकानात त्यांनी टेप लावली. चौकोन नव्हते. एकही नाही. बायको स्टुलावर बसून बघत होती.

"आता ठीक?" तिने विचारलं.

हेडमास्तर "ठीक" म्हणणार होते, पण थांबले. त्यांनी चिठ्ठीबुक ओढलं, लिहिलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला. "दोष: ऐकलं नाही. कारण: हेडला गोष्ट कळत नाही असं वाटलं. उपाय: यापुढे ऐकावं."

तिने ती चिठ्ठी डब्यात ठेवली आणि डबा बंद केला. "एवढ्या वर्षांनी एक चिठ्ठी मिळाली," ती म्हणाली, "तीही नीट अक्षरात नाही."

शस्त्रक्रिया झाली. दुखणं गेलं. दोन बोटं मात्र परत वळली नाहीत, अंगठ्याशेजारची. बाई आता डाव्या हाताने सांगतात. बघणाऱ्याला कळतं, पण ते आधीचं नाही. त्यांनाही ते माहीत आहे. पूर्ण हातांनी सांगितलेलं जे काही आहे ते त्या बत्तीस मिनिटांत आहे, दुसरं कुठे नाही.

तीन महिन्यांनी त्यांची मुलगी आली. नीटनेटकी, घाईत असलेली, पर्समधून टेप काढून टेबलावर ठेवत म्हणाली, "अहो, हिची डिस्क करून हवीय. माझी लेक दिवसातून चारदा बघते, टेप झिजेल. पण एक बारीकसा दोष आहे. चित्र मधूनमधून किंचित खाली जातं, मग वर येतं. कॅमेरा कोणीतरी दाबल्यासारखा. शेवटच्या गोष्टीत तर मिनिटभर खालीच राहतं. तेवढं सरळ करता येईल का?"

हेडमास्तरांनी टेप लावली. बरोबर होतं. बिस्किटाच्या डब्याची पट्टी, वीतभर बाहेर. दाबली की कॅमेरा केसभर वाकणारच. पहिल्या संध्याकाळीच त्यांना दिसलं होतं.

"येईल की. संगणकावर अर्ध्या तासाचं काम आहे."

"मग करा ना."

"उद्या या."

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा डिस्क तयार होती, वर टेप, आणि टेपला रबराने बांधलेली चिठ्ठी. आईवडिलांनी तिला मागची हकीकत सांगितली नव्हती. हेडमास्तरांनीही तोंडाने काही सांगितलं नाही. ते दुसऱ्या कॅमेऱ्यात डोकं घालून बसले. तिने उभ्या उभ्या चिठ्ठी उघडली.

"दोष: नाही.
कारण: तुमच्या वडिलांना गोष्ट आवडली, तिथे त्यांचा हात आहे.
उपाय: करू नये."

तिने ती दोनदा वाचली. मग स्टूल ओढलं, बसली, आणि म्हणाली, "शेवटची गोष्ट जरा लावता का?"